सर्व्हरचा सीपीयू कोण खातंय?

१ जुलै २०१२, रविवार. भारतात पहाटेचे साडेपाच वाजले, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्र झाली, आणि त्याच क्षणी जगभरातल्या असंख्य लिनक्स सर्व्हरांचे सीपीयू शंभर टक्क्यांवर जाऊन बसले. रेडिट, लिंक्डइन, मोझिला यांच्या यंत्रणा अडखळल्या. जर्मनीतल्या हेट्झनर या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरांतला वीजवापर सुमारे एक मेगावॅटने वाढला. कोणी नवा प्रोग्रॅम टाकला नव्हता, हल्ला झाला नव्हता, वापरणाऱ्यांची गर्दीही नव्हती. घडलं होतं ते इतकंच, की पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळ जुळवून घेण्यासाठी त्या मध्यरात्री एक जादा सेकंद घालण्यात आला होता. त्याला लीप सेकंद म्हणतात.

लिनक्सच्या कर्नलमधल्या एका दोषामुळे त्या सेकंदाची खबर आतल्या सूक्ष्म टायमरांपर्यंत पोचलीच नाही. त्यांचं गणित एका सेकंदाने चुकलं. त्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमने ‘मला अर्ध्या सेकंदाने उठव’ असं सांगितलं, की कर्नल त्याला तिथल्या तिथे उठवायचा. जावात लिहिलेले मोठे प्रोग्रॅम आणि मायएसक्यूएलसारखे डेटाबेस अशा छोट्या डुलक्या सतत घेत असतात. डुलकी लागेना, म्हणून ते पुन्हा पुन्हा झोपायला जात आणि लगेच उठत राहिले. या उठबशीतच सगळा सीपीयू संपला. प्रोग्रॅम बंद करून परत सुरू केला तरी फरक पडत नव्हता. उपाय निघाला तो एका ओळीचा. ‘डेट’ कमांडने यंत्राची वेळ होती तीच पुन्हा लावली, की टायमरांचा हिशेब जुळायचा आणि सर्व्हर शांत व्हायचा.

त्या दिवशी अनेकांच्या पडद्यावर सर्वांत वर जावाचं नाव होतं आणि दोष मात्र कर्नलचा होता. अशा वेळी घाईने प्रोसेस मारून टाकणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणं. यादीत वर दिसणाऱ्या नावापासून तपास सुरू होतो, तो तिथेच संपवायचा नसतो. ती प्रोसेस कोणाची, कधीपासून चालू आहे, तिला कोणी सुरू केलं आणि ती या क्षणी नेमकं काय करतेय, ही चार उत्तरं मिळाल्याशिवाय तिला हात लावू नये. ही उत्तरं युनिक्स देतं. फक्त ती कुठे विचारायची ते माहीत हवं.

पुढची उदाहरणं मुख्यतः लिनक्सची आहेत. कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची.

लोडचे तीन आकडे

तक्रार बहुतेक वेळा ‘सर्व्हर स्लो झालाय’ एवढीच असते. लॉगिन केल्यावर पहिली कमांड द्यावी ती ‘अपटाइम’. ओळीच्या शेवटी तीन आकडे येतात. गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांचं हे लोड ॲव्हरेज. समजा ते ८.१०, ५.४० आणि २.२० असे दिसले, तर त्रास नुकताच सुरू झालाय आणि वाढतोय. हेच आकडे उलट क्रमाने असतील तर भर ओसरलाय आणि आपण उशिरा पोचलोय.

आठ हा लोड मोठा की लहान, हे यंत्रात किती कोअर आहेत त्यावर ठरतं. ‘एनप्रॉक’ ही कमांड ती संख्या सांगते. बँकेत आठ काउंटर उघडे असतील आणि आठच ग्राहक आले असतील तर कोणीच खोळंबत नाही. दोनच काउंटर असतील तर सहा जण रांगेत उभे राहतात. कोअर म्हणजे काउंटर, आणि लोड म्हणजे काउंटरवरचे आणि रांगेतले मिळून सगळे ग्राहक.

लिनक्समध्ये यात एक भर आहे. १९९३पासून लिनक्सच्या लोडमध्ये डिस्ककडून किंवा नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमकडून उत्तर येण्याची वाट पाहत अडकलेल्या प्रोसेसही मोजल्या जातात. पुढे येणाऱ्या ‘टॉप’ कमांडमध्ये त्यांच्या स्थितीच्या रकान्यात ‘डी’ हे अक्षर दिसतं. त्यामुळे दुसऱ्या यंत्रावरची शेअर केलेली फाइल सिस्टिम गोठली, तर लोड पन्नासवर जातो आणि सीपीयू मात्र निवांत असतो. लोड वाढला म्हणजे सीपीयूच तापलाय, असा अर्थ लिनक्सवर काढता येत नाही.

हे आकडे साधी सरासरीही नसतात. त्यांत ताज्या क्षणांना जास्त वजन असतं आणि जुन्यांचं वजन हळूहळू झिजत जातं. पूर्ण रिकाम्या यंत्रावर एकच प्रोसेस एक मिनिटभर अखंड चालली, तर मिनिटाअखेरी पहिला आकडा १ दाखवत नाही, सुमारे ०.६३ दाखवतो. म्हणून हे आकडे दिशा कळण्यासाठी वाचावेत. पुढचा तपास सीपीयूच्याच हिशेबातून करायचा.

वेळ कोणत्या खात्यात जातोय

आता ‘टॉप’ चालवू. हा प्रोग्रॅम विल्यम लफेव्हर यांनी १९८४ मध्ये लिहिला. आज जवळजवळ प्रत्येक युनिक्सवर त्याचं काही ना काही रूप सापडतं. प्रोसेसच्या यादीकडे नजर जाण्याआधी वरची सीपीयूची ओळ वाचावी. तिच्यात वेळेची आठ खाती असतात.

‘यूएस’ म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडमध्ये गेलेला वेळ. ‘एसवाय’ म्हणजे प्रोग्रॅमच्या मागणीवरून कर्नलने केलेलं काम. ‘एनआय’ म्हणजे मुद्दाम कमी प्राधान्य दिलेल्या प्रोसेसेसचा वेळ. ‘आयडी’ म्हणजे रिकामा वेळ. ‘डब्ल्यूए’ हाही खरं तर रिकामाच वेळ, पण डिस्कची वाट पाहण्यात गेलेला. ‘एचआय’ आणि ‘एसआय’ ही इंटरप्टची खाती आहेत आणि नेटवर्कवरून पॅकेटांचा लोंढा आला की त्यांतलं दुसरं फुगतं. शेवटचं ‘एसटी’ आभासी यंत्रांसाठी असतं. आपल्याला सीपीयू हवा होता, पण खालच्या खऱ्या यंत्राने तो दुसऱ्या कोणाला दिला, तो वेळ इथे दिसतो.

या एका ओळीने तपासाची दिशा ठरते. ‘यूएस’ जास्त असेल तर प्रोग्रॅमचा कोड तपासायचा. ‘एसवाय’ जास्त असेल तर कोणीतरी कर्नलला वारंवार हाका मारतंय. ‘डब्ल्यूए’ जास्त असेल तर प्रश्न डिस्कचा आहे. आणि ‘एसटी’ सतत दोन अंकी असेल, तर आपल्या सर्व्हरवर दोषी प्रोसेस शोधत बसण्यात अर्थ नाही. क्लाउड कंपनीशी बोलावं किंवा यंत्राचा आकार बदलावा.

टॉप चालू असताना इंग्रजी आकडा १ दाबला, की प्रत्येक कोअरची ओळ वेगळी होते. सोळा कोअरच्या यंत्रावर एकच कोअर शंभर टक्के आणि बाकीचे रिकामे असतील, तर एकत्रित आकडा जेमतेम सहा टक्के दिसतो. एकाच थ्रेडवर चालणारा प्रोग्रॅम अडकला असेल तर सर्व्हर रिकामा दिसतो आणि वापरणारा मात्र खोळंबलेला असतो. हे कोडं या एका कळीने सुटतं.

टक्केवारी वाचताना

प्रोसेसच्या यादीत १०० टक्क्यांचा अर्थ ‘एक पूर्ण कोअर’ असा असतो. म्हणून चार थ्रेडवर धावणारी प्रोसेस ४०० टक्के दाखवते आणि त्यात वावगं काही नसतं. शिफ्टसह ‘आय’ दाबलं, की हीच टक्केवारी सगळ्या कोअरांच्या मिळून हिशेबाने दिसू लागते.

‘पीएस’ या कमांडची टक्केवारी मात्र अनेकांना फसवते. टॉप गेल्या तीनेक सेकंदांतला वापर दाखवतो. पीएस दाखवतं ती प्रोसेस जन्मल्यापासूनची सरासरी. दहा दिवसांपूर्वी सुरू झालेली आणि आजवर शांत असलेली प्रोसेस गेल्या तासाभरात एक पूर्ण कोअर खात असेल, तर पीएसच्या लेखी तिचा वापर अवघा ०.४ टक्के. दहा दिवसांचे २४० तास आणि त्यांतला एक तास, हे साधं गणित. उलट, सकाळी सुरू होताना धावाधाव करून आता स्वस्थ बसलेली प्रोसेस पीएसमध्ये दोषी दिसू शकते. म्हणून आत्ताचा वापर पाहायला टॉप किंवा ‘पिडस्टॅट’ वापरावं आणि पीएस वापरावं ते ओळख पटवण्यासाठी.

नावावर विश्वास ठेवू नये

समजा ४२१७ क्रमांकाची प्रोसेस एक कोअर पूर्ण खातेय. तिचं नाव दिसतं, पण प्रोसेस स्वतःचं नाव हवं तसं बदलू शकते. लिनक्समध्ये ते छोटं नाव जास्तीत जास्त पंधरा अक्षरांचं असतं, त्यामुळे लांब नावं शेपटी तुटलेली दिसतात. टॉपमध्ये ‘सी’ दाबलं तर पूर्ण कमांड दिसते. तरीही खरी ओळख पटते ती ‘प्रॉक’ या डिरेक्टरीत. ही डिरेक्टरी डिस्कवर नसते, कर्नल ती त्या त्या क्षणी तयार करून दाखवतो. प्रत्येक चालू प्रोसेसच्या क्रमांकाची एक उपडिरेक्टरी तिच्यात असते.

४२१७च्या डिरेक्टरीत ‘एक्सई’ नावाची लिंक असते. प्रोसेस ज्या फाइलमधून चालतेय तिचा खरा पत्ता ती दाखवते. ‘सीडब्ल्यूडी’ ही लिंक प्रोसेस कोणत्या डिरेक्टरीत उभी आहे ते सांगते. ‘कमांडलाइन’ फाइलमध्ये तिला दिलेले पर्याय असतात आणि ‘एन्व्हायरन’ फाइलमध्ये सुरू होतानाचं वातावरण. एक्सईच्या पत्त्यापुढे ‘डिलीटेड’ असा शेरा दिसला तर सावध व्हावं, पण लगेच घाबरू नये. सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि सेवा पुन्हा सुरू केली नाही, तरी असाच शेरा येतो. पत्ता ‘टेंप’ डिरेक्टरीतला असेल आणि वर ‘डिलीटेड’ असेल, तर मात्र संशयाला जागा आहे.

यानंतर वंशावळ. युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला जन्म देणारी दुसरी प्रोसेस असते आणि ‘पीएसट्री’ कमांड हा सगळा वृक्ष रेखाटते. मूळ क्रॉन असेल तर काम वेळापत्रकातलं आहे. मूळ एसएसएच असेल तर कोणीतरी लॉगिन करून ते सुरू केलंय. वेब सर्व्हरच्या पोटी शेल जन्मलं असेल तर ती धोक्याची घंटा समजावी. जन्मदाती प्रोसेस आधीच संपली असेल, तर पोरकी प्रोसेस बहुधा क्रमांक एकच्या, म्हणजे सिस्टमडीच्या पदरात जाते.

सिस्टमडी असलेल्या यंत्रावर ‘सिस्टम-सीटीएल स्टेटस’ पुढे प्रोसेसचा क्रमांक दिला, की ती कोणत्या सेवेची किंवा कोणत्या लॉगिनची आहे ते लगेच कळतं. ही सोय फार कमी जण वापरतात. प्रोसेस कंटेनरमधली असेल तर ‘प्रॉक’मधली ‘सीग्रुप’ फाइल त्या कंटेनरपर्यंत नेते. डॉकरच्या आत चालणाऱ्या प्रोसेसेस बाहेरच्या यंत्राच्या टॉपमध्येही दिसतात. त्यामुळे ‘हा प्रोग्रॅम तर आपण कधी टाकलाच नव्हता’ या आश्चर्याचं उत्तर अनेकदा कंटेनरमध्ये मिळतं.

ती नेमकं काय करतेय

ओळख पटली, आता कृती पाहायची. इथे ‘एस-ट्रेस’ कामाला येतं. प्रोसेस कर्नलकडे ज्या ज्या मागण्या करते, त्या सगळ्या ते ओळीने दाखवतं.

एक जुनं आणि आजही भेटणारं दृश्य पाहू. कोणीतरी एसएसएचने येऊन एखादा परस्परसंवादी प्रोग्रॅम उघडला आणि मध्येच नेटवर्क तुटलं. टर्मिनल गेलं. शहाणा प्रोग्रॅम अशा वेळी संपतो. पण ‘वाचायला काही उरलं नाही’ हे उत्तर ज्याच्या कोडमध्ये नीट हाताळलेलं नाही, तो पुन्हा वाचायला जातो, पुन्हा शून्य बाइट मिळतात, आणि हे अखंड चालू राहतं. एस-ट्रेस लावल्यावर पडद्यावरून एकच ओळ धबधब्यासारखी वाहते: ‘रीड’ केलं, शून्य मिळालं. टॉपमध्ये ‘एसवाय’चं खातं वाढलेलं असतं, प्रोसेसच्या वापरकर्त्याचं लॉगिन कधीच संपलेलं असतं. चारही प्रश्नांची उत्तरं जुळली, की ही प्रोसेस बंद करायला हरकत नाही.

एस-ट्रेस लावलं आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही, तरीही ती माहितीच आहे. सीपीयू शंभर टक्के आणि कर्नलकडे एकही मागणी नाही, याचा अर्थ प्रोग्रॅम स्वतःच्याच कोडमध्ये गोल फिरतोय. अशा वेळी ‘पर्फ’ हे लिनक्सचं साधन वापरावं. ‘पर्फ टॉप’ला प्रोसेसचा क्रमांक दिला, की कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ जातोय ते दिसतं. एक खबरदारी मात्र घ्यायला हवी. एस-ट्रेस प्रत्येक मागणीवर प्रोसेसला थांबवतं, त्यामुळे गर्दीच्या वेळी डेटाबेसला ते लावलं तर आधीच दमलेला सर्व्हर आणखी मंदावतो. पर्फ ठरावीक अंतराने फक्त नमुने घेतं, म्हणून त्याचा भार पुष्कळ कमी असतो.

जावाच्या बाबतीत एक पायरी वाढते. सगळा प्रोग्रॅम एकाच प्रोसेसमध्ये शेकडो थ्रेड घेऊन चालतो, म्हणून दोषी थ्रेड शोधावा लागतो. टॉपमध्ये शिफ्टसह ‘एच’ दाबलं की थ्रेड वेगळे दिसतात. समजा सर्वांत वर १२३४५ हा थ्रेड आहे. आता ‘जे-स्टॅक’ या साधनाने जावाच्या सगळ्या थ्रेडांची स्थिती लिहून घ्यायची. जावाच्या अनेक आवृत्त्यांत तिथे थ्रेडचा क्रमांक षोडशमान पद्धतीत असतो, आणि १२३४५ त्या पद्धतीत होतो ३०३९. तो शोधला, की थ्रेडचं नाव आणि कोडची ओळ हाती येते. तो थ्रेड कचरा गोळा करणाऱ्या गार्बेज कलेक्टरचा निघाला, तर प्रश्न बहुधा सीपीयूचा नसून मेमरी अपुरी पडण्याचा असतो.

हीच गोष्ट कर्नलच्या ‘के-स्वॅप-डी’ या थ्रेडची. तो वर दिसला म्हणजे मेमरी संपत आलीय आणि कर्नल जागा मोकळी करण्यासाठी धडपडतोय. त्याला मारताही येत नाही आणि मारून उपयोगही नाही. मेमरी कोणी अडवली ते शोधायचं. तसंच ‘के-सॉफ्ट-आयआरक्यू-डी’ वर दिसला तर नेटवर्कच्या पॅकेटांकडे वळायचं.

जे यादीत दिसतच नाहीत

कधी वरची ओळ सांगते, सीपीयू नव्वद टक्के व्यस्त. खालच्या यादीतल्या प्रोसेसेसची बेरीज मात्र दहा टक्केही भरत नाही. ही तफावत फार बोलकी असते आणि तिची मुख्य कारणं दोन.

पहिलं कारण म्हणजे क्षणभर जगणाऱ्या प्रोसेसेस. एखादी स्क्रिप्ट सेकंदाला शेकडो छोटे प्रोग्रॅम चालवते. प्रत्येक जण टॉपच्या दोन नोंदींमधल्या वेळात जन्मतो आणि संपतो. हे ओळखायची सोपी खूण अशी, की नवी प्रोसेस सुरू करून तिचा क्रमांक पाहावा, दहा सेकंदांनी पुन्हा तसंच करावं. दोन क्रमांकांत हजारोंचं अंतर असेल तर मधल्या काळात साधारण तेवढ्या प्रोसेसेस किंवा थ्रेड येऊन गेले. मग ‘एक्झेक-स्नूप’ हे साधन लावायचं. प्रत्येक नवा प्रोग्रॅम सुरू होताच ते त्याची आणि त्याच्या पालकाची ओळ छापतं.

दुसरं कारण म्हणजे मुद्दाम लपलेली प्रोसेस. टॉप आणि पीएस दोघंही ‘प्रॉक’ डिरेक्टरी वाचून यादी बनवतात. घुसखोर एक छोटी लायब्ररी तयार करतो आणि ‘ईटीसी’मधल्या ‘एलडी-एसओ-प्रीलोड’ या फाइलमध्ये तिचा पत्ता लिहितो. मग जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना ती आधी लोड होते आणि डिरेक्टरी वाचताना ठरावीक नाव गाळते. बहुतेक सर्व्हरांवर ही फाइल नसतेच. ती आढळली तर तिच्यात काय आहे ते पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. स्टॅटिक बांधणीच्या बिझीबॉक्ससारखा, बाहेरच्या लायब्ररींवर अवलंबून नसलेला प्रोग्रॅम वापरला तर हा पडदा दूर होतो.

आपण पोचेपर्यंत सगळं शांत झालेलं असतं, असाही प्रकार असतो. त्यासाठी आधीपासून नोंद ठेवावी लागते. सिस्टॅट या संचातलं ‘सार’ साधारणपणे दर दहा मिनिटांनी यंत्राची स्थिती टिपून ठेवतं, आणि ‘एटॉप’ प्रत्येक प्रोसेसचीही नोंद ठेवतं. त्रास रोज एकाच वेळी होत असेल तर क्रॉनकडे पाहावं. डेबियनमध्ये दैनंदिन कामं सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी सुरू होतात. सर्व्हरचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असेल तर पुण्या-मुंबईत तेव्हा ११ वाजून ५५ मिनिटं झालेली असतात, म्हणजे कामाची ऐन गर्दी. एकाच खऱ्या यंत्रावर वीस आभासी यंत्रं असतील तर वीसही जणांची कामं त्याच मिनिटाला उठतात. सिस्टमडीच्या टायमरांत वेळ थोडी पुढे ढकलण्याची सोय आहे, ती याचसाठी.

परका पाहुणा

अनपेक्षित प्रोसेसचा आज वारंवार भेटणारा प्रकार म्हणजे क्रिप्टो मायनर. दुसऱ्याच्या सर्व्हरवर शिरायचं आणि त्याच्या विजेवर मोनेरोसारखं चलन खणायचं. किन्सिंग या नावाने ओळखला जाणारा मालवेअर हे याचं ठळक उदाहरण. पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडा राहिलेला डॉकरचा किंवा रेडिसचा पोर्ट हे त्याचं प्रवेशद्वार. त्याच्या मायनरचं नाव ‘केडेव्हटेंपएफएसआय’. कर्नलचा ‘केडेव्हटेंपएफएस’ नावाचा खराखुरा थ्रेड असतो, त्याला शेवटी एक अक्षर जोडून हे नाव बनवलंय, घाईत पाहणाऱ्याने पुढे जावं म्हणून.

पण कर्नलच्या थ्रेडची नक्कल पुरती जमत नाही. पीएसमध्ये खऱ्या कर्नल थ्रेडचं नाव चौकटी कंसात येतं. त्याचा पालक क्रमांक दोनचा ‘केथ्रेडडी’ असतो. त्याची कमांडलाइन रिकामी असते आणि एक्सई लिंक कुठल्याच फाइलकडे जात नाही. मायनरची एक्सई लिंक मात्र ‘टेंप’ डिरेक्टरीतल्या फाइलकडे बोट दाखवते.

अशा प्रोसेसला मारलं की ती काही वेळात पुन्हा उठते, कारण तिचा राखणदार वेगळा असतो आणि क्रॉनमध्येही एक ओळ घातलेली असते. म्हणून आधी पुरावा गोळा करावा. फाइल डिस्कवरून पुसलेली असली तरी प्रोसेस जिवंत आहे तोवर एक्सई लिंकवरून तिची प्रत काढता येते. उघडी नेटवर्क कनेक्शनं टिपावीत. सर्व वापरकर्त्यांचे क्रॉन, सिस्टमडीच्या सेवा आणि एसएसएचच्या अधिकृत चाव्यांची फाइल तपासावी. नंतर सर्व्हर नव्याने उभारावा. एकदा घरफोडी झालेल्या यंत्रावर पुन्हा विसंबू नये, असं मी ठामपणे सांगेन. भारतात काम करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवायला हवं, की ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवावी लागते.

शेवटचा उपाय शेवटीच

‘किल मायनस नाइन’ ही कमांड बोटांवर तयारच असते. तिने प्रोसेसला आवराआवर करायला क्षणही मिळत नाही. अर्धवट फाइली आणि अडकलेले लॉक मागे राहतात, आणि ती काय करत होती हे पुन्हा कधीच कळत नाही. त्याआधी सौम्य पायऱ्या आहेत.

काम वैध पण वेळ चुकीची असेल, तर ‘रिनाइस’ने तिचं प्राधान्य कमी करावं. ही मोजपट्टी उणे २० ते १९ अशी आहे, आणि १९ म्हणजे सर्वांत मागे. सेवा सिस्टमडीची असेल तर ‘सीपीयू कोटा’ लावून तिला अर्ध्या कोअरवर रोखता येतं. काय करावं ते ठरत नसेल तर ‘स्टॉप’ हा सिग्नल द्यावा. प्रोसेस आहे तिथे गोठते, सीपीयू मोकळा होतो, तिची मेमरी आणि ‘प्रॉक’मधली माहिती जशीच्या तशी राहते. मायनरचा राखणदारही अनेकदा फसतो, कारण त्याच्या लेखी प्रोसेस जिवंत असते. नंतर ‘कॉन्ट’ सिग्नलने ती पुन्हा चालू करता येते. डेटाबेस मात्र असा गोठवू नये, कारण त्याच्या भरवशावरचे सगळेच खोळंबतात. बंदच करायचं ठरलं तर आधी ‘टर्म’ द्यावा, थोडं थांबावं आणि ऐकलंच नाही तर ‘किल’.

नेहमीचं काय ते माहीत असणं

मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसचे डेव्हलपर एका यंत्रावर वेगाच्या चाचण्या घेत होते. मोजमापात खोट येऊ नये म्हणून यंत्र शांत हवं होतं. एसएसएचच्या प्रोसेसेस मात्र अनपेक्षित सीपीयू खाताना दिसल्या, तेही चुकीच्या नावाने आलेले लॉगिन लगेच नाकारले जात असताना. पूर्वी ०.२९९ सेकंदात होणाऱ्या लॉगिनला आता ०.८०७ सेकंद लागत होते. त्यांनी पर्फ लावलं. वेळ ‘एलआयबीएलझेडएमए’ या माहिती दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत जात होता, आणि तो कोणत्या फंक्शनचा हे पर्फला सांगता येत नव्हतं. त्यांनी तो धागा सोडला नाही. २९ मार्चला त्यांनी जाहीर केलं, की एक्सझेड या संचाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये गुप्त दरवाजा ठेवण्यात आलाय. त्यातून बाहेरचा माणूस एसएसएचमार्गे सर्व्हरवर हवी ती कमांड चालवू शकला असता. या दोषाला गांभीर्याचे दहापैकी दहा गुण मिळाले. मोठ्या लिनक्स वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांमध्ये तो पोचण्याआधीच थोपवला गेला.

अर्ध्या सेकंदाचा हा फरक त्यांना खटकला, कारण नेहमी किती वेळ लागतो हे त्यांना माहीत होतं. वर सांगितलेली सारी साधनं मोफत आहेत आणि बहुतेक सर्व्हरांवर हाताशी असतात किंवा सहज बसवता येतात. ‘नेहमीचं’ काय, हे मात्र कोणतंही साधन आपल्याला आयतं देत नाही. म्हणून सर्व्हर ठणठणीत असेल अशा दिवशी टॉपची एक प्रत, प्रोसेसवृक्षाची एक प्रत, सगळ्या क्रॉन नोंदी आणि आठवड्याभराचे सारचे आकडे एका फाइलमध्ये जपून ठेवावेत, आणि सर्व्हरवर काही नवं बसवलं की ती फाइल ताजी करावी. संकटाच्या वेळी पहिला प्रश्न असतो तो ‘हे इथे आधीपासून होतं का?’ आणि त्याचं उत्तर देणारी ती एक फाइल अर्धा तपास वाचवते.